समुद्राकाठचं घर: मीठ कुठे बसतं ते आधी पाहा

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाणी सोडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि आर्द्रता उतरली की पुन्हा खडा धरतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातही हेच मीठ असतं. ते खिडकीच्या गजावर, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, छिद्रांत, एसीच्या पत्र्यावर, छज्ज्याच्या पोटाला बसतं आणि बरणीत होतं तेच तिथे होतं. जून ते सप्टेंबर ते ओलंच राहतं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रात्री ओलं, दुपारी कोरडं, असं रोज चालू.

किनाऱ्यावरचं घर पावसानं खराब होतं, असं आपण सरसकट म्हणतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तो त्रास देणारच. पण पाऊस मीठ धुऊनही नेतो. जिथे वारा पोचतो आणि पाऊस पोचत नाही, तिथे मीठ साठत जातं. छज्जा वरून धडधाकट आणि पोटाला फुगून सळ्या उघड्या पडलेल्या, अशी घरं हरमलपासून काणकोणपर्यंत कुठेही दिसतील. ग्रिलचा वळचणीखालचा वरचा भाग आधी गंजतो, पावसात भिजणारा खालचा भाग मागाहून. म्हणून आराखडा समोर आला की प्रत्येक भागावर बोट ठेवून विचारायचं: इथे मीठ बसेल का, आणि बसलं तर ते धुतलं कसं जाईल?

जागा

प्लॉटचा विसार देण्याआधी कागद. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), रूपांतराची सनद आणि प्रादेशिक आराखड्यातला विभाग हे गोव्यात कुठेही पाहावंच लागतं. किनाऱ्याला त्यात भरती रेषेची भर पडते. समुद्राच्या बाजूने या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन सीआरझेडखाली, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येते आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर नदी-खाडीचे काठही येतात. २०११च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलमं आहेत. त्यांत खाजन जमिनीत (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत) विकासकामं नाहीत आणि वाळूच्या टेकड्यांवर कसलीही हालचाल नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते पाहिल्याशिवाय आर्किटेक्टकडे जाण्यात अर्थ नाही.

समोरची वाळूची टेकडी सपाट केली की समुद्र नीट दिसतो, ही कल्पना कायद्यात बसत नाहीच, पण घराच्याही मुळावर येते. लाटांचे तुषार आणि उडती वाळू त्या टेकडीवर आणि तिच्यावरच्या मर्यादवेलीत, केवड्यात अडकते. त्यामागे उंडी किंवा भेंडीच्या झाडांची रांग असेल तर आणखी बरं. झाडांची रांग विरळ असावी, भिंतीसारखी गच्च नव्हे. विरळ रांगेतून वारा गाळून येतो आणि झाडांच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत मंद राहतो. गच्च भिंतीवरून तो उसळतो आणि पलीकडे भोवरा करून आदळतो. सुरूचं झाड पटकन वाढतं, पण त्याची मुळं वाळूत वरवर पसरतात आणि वादळात झाडं आडवी होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पडलेल्या झाडांनी घरांची आणि विजेच्या तारांची काय दशा केली ते गोव्यात अजून कोणी विसरलेलं नाही. माडाचं चुडत, म्हणजे झावळी, पाच-सहा मीटर लांब असतं आणि ते कौलांवर पडलं की पाचपंचवीस कौलं घेऊन जातं. म्हणून माड आणि पाखं यांत तेवढं अंतर सोडावं. अर्थात माड तोडून नव्हे, घर सरकवून.

एक स्वस्त चाचणी आहे आणि ती आराखड्याआधी जरूर करावी. नोव्हेंबरात साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून लखलखीत करायचे आणि प्लॉटवर पाच-सहा ठिकाणी दोऱ्याने टांगायचे: पश्चिमेला उघड्यावर, पूर्वेला, झाडांमागे, एखाद्या छपराच्या तुकड्याखाली, जमिनीपासून फूटभर आणि पुरुषभर उंचीवर. दोन-तीन महिन्यांनी ते शेजारी शेजारी मांडून बघायचे. कुठला खिळा नुसता काळवंडला आणि कुठल्याचे पापुद्रे सुटले, यावरून बेडरूमच्या खिडक्या, एसी आणि विजेचा मीटर कुठे न्यायचा ते कळतं.

पश्चिमेचा मोह

समुद्र पश्चिमेला, म्हणून सगळी काच पश्चिमेला. किनाऱ्यावरच्या नव्या घरांत हेच सर्वांत महाग पडतं. दुपारचा खारा वारा तिकडूनच येतो, पावसाची झड नैऋत्येकडून बसते आणि संध्याकाळचं उतरतं ऊनही तिकडचंच. दक्षिणेचं ऊन छज्ज्याने अडतं, कारण डिसेंबरातसुद्धा भरदुपारी सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. अडीच फुटांचा छज्जा असला की तीन फूट सावली मिळते. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, ते कुठल्याच छज्ज्याला जुमानत नाही.

जुन्या घरांत यावर उत्तर आहेच. पश्चिमेला आठ फूट रुंद व्हरांडा, त्यामागे दारं-खिडक्या, आणि व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला चटया किंवा लाकडी झडपा. बलकांवात (बसायच्या ओसरीत) बसून समुद्र बघायचा आणि आतल्या खोल्यांनी वारा पूर्व-पश्चिम खेळवायचा. रात्री वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून पूर्वेच्या खिडक्या पश्चिमेएवढ्याच मोठ्या हव्यात. हे नव्या आराखड्यांत हमखास विसरलं जातं. पूर्वेला संडास-बाथरूमच्या फूटभर खिडक्या ठेवतात, मग रात्री एसीला पर्याय उरत नाही.

नैऋत्येच्या भिंतीत सरकत्या खिडक्या टाळाव्यात. झड बसली की खालच्या पट्टीत पाणी साचतं, वाऱ्याचा दाब ते आत ढकलतो आणि बाहेर निचरा व्हायला ठेवलेली भोकं वाळूने बुजलेली असतात. बाहेर उघडणाऱ्या पाटाच्या खिडक्या बऱ्या, कारण बंद असताना झाप चौकटीबाहेरून बसतो आणि वाराच त्याला रबराच्या पट्टीवर दाबून धरतो. खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आणि भिंतीपासून दोन इंच तरी पुढे आलेली कड हवी. समुद्राकडे तोंड केलेले दिवे खाली वळवलेले आणि मंद असावेत. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं प्रकाशाकडे ओढली जाऊन समुद्राऐवजी घराकडे चालू लागतात.

चिरा आणि गिलावा

गोव्यात भिंत म्हणजे चिरा, आणि तेच योग्य आहे. खाणीतून काढताना तो नरम असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून या हंगामात काढलेला चिरा लगेच न लावता काही महिने उघड्यावर रचून ठेवावा. निवडताना हातोडीने ठोकायचा: खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज नको. पांढरट-पिवळ्या मातीचे खळगे असलेला बाजूला काढायचा. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्याने १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. हे घरीच तपासता येतं. पूर्ण वाळलेला चिरा तोलायचा, २४ तास पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून पुसून पुन्हा तोलायचा. ३० किलोचा चिरा ३३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेला तर तो ट्रक परत पाठवावा.

भिंत खालून पाणी ओढते. पाणी दोन-तीन फूट चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि त्यातलं मीठ मागे राहतं. तो पांढरा लोणा. आतल्या छिद्रांत मिठाचे खडे वाढले की चिऱ्याचं पीठ होऊन गळायला लागतं. उपाय जोत्यालाच करायचा: जोतं जमिनीपासून निदान अडीच फूट, आणि त्याच्या माथ्यावर भिंतीच्या पूर्ण रुंदीला दीड-दोन इंच जाडीचा दाट काँक्रीटचा थर, वर डांबराचे दोन हात. जोत्याची तुळई आहे म्हणून हा थर गाळला असं फार ठिकाणी होतं. सच्छिद्र तुळई पाणी अडवत नाही. पुढे अंगणात फरशी घालताना ती या थराच्या वर चढली तर केलेलं सगळं वाया जातं, तेव्हा फरशीवाल्याला भिंतीवर रेघ मारून द्यावी.

गिलाव्याबद्दल आमचं मत ठाम आहे. चिऱ्यावर निव्वळ सिमेंटचा, एकाला तीन-चार असा कडक गिलावा करू नये. तो चिऱ्यापेक्षा कडक असतो, पाण्याची वाफ बाहेर सोडत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत ढोलासारखा वाजायला लागतो. कळीचा चुना भिजवून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवलेला, त्याला तीन भाग धुतलेली गोडी वाळू, दोन हातांत मिळून अर्धा इंच जाडी: हा गिलावा श्वास घेतो. गवंडी तयार नसेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा मधला मार्ग चालतो. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन कडक व्हायला महिने लागतात, म्हणून काम नोव्हेंबरात सुरू करून जानेवारीपर्यंत उरकायचं. एप्रिलमध्ये केलेला चुन्याचा गिलावा जूनच्या झडीत धुऊन जातो आणि दोष चुन्याला लागतो.

चिरा उघडा ठेवायचा असेल तर पश्चिम आणि दक्षिण भिंतीवर तो फक्त खोल वळचणीखाली. त्यावर चकचकीत वार्निश मारू नये. सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पाणी झटकणारं द्रव्य वापरावं, कारण ते छिद्रं बुजवत नाही. तेही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भिंत पूर्ण वाळल्यावर.

आणि रंग. गोव्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घर रंगवायची रीत आहे, आणि ती भक्तीची गोष्ट आहे. पण ऑगस्टमध्ये भिंत पाण्याने भरलेली असते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शनचा पडदा ओढला की आतलं पाणी त्याला फुगे आणतं आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे पडतात. चवथीला देवाच्या खोलीला आतून चुन्याचा हात द्यावा, ओल्या भिंतीला तो सोसतो. बाहेरचा रंग एप्रिल-मेमध्ये उरकून घ्यावा. बाहेरूनही चुना किंवा खनिज रंगच बरा. स्लॅबला माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या) कड्या बसवायच्या असतील तर त्या स्लॅब ओततानाच, स्टेनलेस स्टीलच्या. नंतर ड्रिलने बसवलेल्या लोखंडी हुकांभोवती स्लॅबला गंजाचे डाग फुटतात.

काँक्रीट

इथे कंजूषी केली तर पंधरा-वीस वर्षांत घर दुरुस्तीला येतं. काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटचा अल्कधर्म तिच्यावर पातळ संरक्षक थर धरतो. मिठातला क्लोराइड आत झिरपत सळईपर्यंत पोचला की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

आयएस ४५६ या मानकात किनारी हवेसाठी काँक्रीट निदान एम ३० प्रतीचं, सिमेंट घनमीटरला निदान ३२० किलो, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. साइटवर मात्र २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक येतात, किंवा फरशीचे तुकडे लावून वेळ मारून नेतात. ब्लॉक त्याच प्रतीच्या काँक्रीटचे, महिनाभर आधी ओतून पाण्यात ठेवलेले असावेत, आणि ते बाहेरच्या रिंगखाली लागायला हवेत. मोजमाप मुख्य सळईपासून नव्हे, रिंगच्या बाहेरच्या कडेपासून.

०.४५ म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. पोत्याला ७५ किलो वाळू लागत असेल आणि ती पाच टक्के ओली असेल तर पावणेचार लिटर पाणी तिनेच आणलेलं असतं. मिश्रण घट्ट वाटलं की मजूर डबाभर पाणी ओततात, आणि त्या पाण्याच्या जागी पुढे बारीक वाटा राहतात ज्यांतून मीठ आत जातं. घट्टपणा घालवायला प्लास्टिसायझर वापरा, पाणी नको.

सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीची मळी घातलेलं) किंवा पोझोलानाचं (राख घातलेलं) घ्यावं. दुकानदार 'समुद्राजवळ ना, मग सल्फेट-रेझिस्टिंग' म्हणून वेगळंच पोतं पुढे करतात. ते सल्फेटसाठी ठीक, पण क्लोराइडला बांधून ठेवणारा सिमेंटचा घटक त्यात मुद्दाम कमी केलेला असतो, म्हणजे सळईच्या दृष्टीने ते उलट पडतं.

नदीची वाळू म्हणून आलेली वाळू भरतीच्या टप्प्यातली असेल तर खारीच. मूठभर वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, ते पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दुधासारखा पांढरा साका आला की मीठ आहे. बांधकामाचं पाणीही तपासावं: सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काँक्रीटवर मारायचं पाणीही याच दर्जाचं हवं. ओतताना टँकरचं गोडं पाणी आणि नंतर दहा दिवस आवारातल्या मचूळ विहिरीचं पाणी मारलं, तर मीठ आपणच आत पाठवतो.

छज्जा सगळ्यांत आधी जातो, कारण तो पातळ असतो आणि त्याचं पोट पावसात कधीच धुतलं जात नाही. त्याच्या पोटाला कडेपासून इंचभर आत अर्धा इंच रुंद खाच ठेवावी, म्हणजे कडेवरून वळणारं पाणी तिथेच तुटून खाली ठिबकतं. ही खाच शटरिंगला पट्टी ठोकून ओततानाच येते, नंतर छिन्नीने करू नये. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ओतताना माणसं तिच्यावर उभी राहून ती खाली दाबतात, मग छज्जा भिंतीलगत वरून तडकतो आणि तडीतून पाणी आत शिरतं.

पुढेमागे मजला चढवू म्हणून गच्चीवर सळ्यांचे तुरे सोडायची सवय तर सोडाच. त्या सळ्यांवरून गंज खाली खांबात उतरतो. सोडायच्याच असतील तर सिमेंटचं गाढं पाणी लावून हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यात पुरून ठेवाव्यात.

फुगलेला तुकडा पाडून वरून सिमेंट थापलं की दुरुस्ती झाली असं नाही. सळईच्या मागे इंचभर जागा मोकळी होईपर्यंत जुनं काँक्रीट काढायला लागतं. एवढं करूनही भोवतालच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ उरलं असेल तर नव्या ठिगळाच्या कडेला गंज आधीपेक्षा वेगाने सुरू होतो, म्हणून मीठ कुठवर शिरलंय ते भुकटी काढून तपासल्याशिवाय ठेकेदाराचा दर मागू नये.

छप्पर

मंगळुरी कौलांना ३० अंशांचा उतार द्यावा, समुद्रासमोर थोडा जास्तच. वळचण भिंतीपुढे तीन ते चार फूट. जेवढी वळचण मोठी तेवढा वारा तिला खालून उचलतो, म्हणून कडेच्या, कोपऱ्यांतल्या आणि आढ्यालगतच्या ओळींतलं प्रत्येक कौल बांधायला हवं. कौलाच्या मागच्या नाकाडाला त्यासाठीच भोक असतं. बांधायला तांब्याची तार, कारण जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार वळचणीखाली लवकर तुटते.

स्लॅब ओतून त्यावर मसाल्यात कौलं चिकटवण्याची पद्धत सध्या सर्रास आहे. मसाला ओला राहतो, शेवाळ धरतो, कौल फुटलं तर एकटं बदलता येत नाही. स्लॅब हवाच असेल तर त्यावर रिपा मारून कौलं रचावीत, खाली दीड-दोन इंच पोकळी आणि आढ्याला हवा बाहेर जायला वाट. लाकडी छपराला सागवान, किंदळ, फणस किंवा पिकल्या माडाचे वासे. लोखंडी पाइपांचा सांगाडा करत असाल तर पाइपाची तोंडं पत्रा लावून वेल्डिंगने बंद करा, नाहीतर तो आतून सडतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो.

पन्हळीचा हिशेब असा: तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत चार इंची एक पाइप सुमारे ४० चौरस मीटर छपराचं पाणी उतरवतो. १०० चौरस मीटरच्या छपराला तीन पाइप लागतात, एक नव्हे. याच छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरांहून जास्त पाणी उतरतं. ते गाळून विहिरीत सोडावं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर फूटभर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट. मोटर लावून वरची पातळी फूटभर उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. म्हणून छोटी मोटर, थोडा थोडा वेळ.

लोखंड, स्टील, लाकूड

दुकानात 'जीआय' म्हणून मिळणाऱ्या स्क्रूवर जस्ताचा मुलामा पाच-दहा मायक्रॉन असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडावर ८० मायक्रॉनच्या आसपास. उग्र किनारी हवेत जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजतं. भागाकार करून पाहा: पहिला एक-दोन वर्षांत उघडा पडतो, दुसरा दहा ते वीस वर्षं टिकतो. फाटक, ग्रिल, सांगाडा आधी कापून, भोकं पाडून, वेल्ड करून मगच बुडवायला द्यावा. नंतर वेल्ड केलं की त्या टाक्यापाशी जस्त जळून जातं.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३१६ प्रत घ्यावी. तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. ३०४ वर चहाच्या डागांसारखा तपकिरी गंज येतो आणि रेलिंगला स्वस्तात मिळणारं २०२ तर वर्षभरात डागाळतं. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत. मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट मिळतं, ते घेऊन दुकानात जावं. अॅल्युमिनियमच्या चौकटीला लोखंडी स्क्रू मारू नयेत. लाकडी दारा-खिडक्यांच्या बिजागऱ्या पितळी, त्यांना स्क्रूही पितळीच.

कपाटं पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नयेत. आतल्या भिंतीला लावावीत, मागे दोन इंच जागा, खाली-वर हवेला फटी. प्लायवूड आयएस ७१० चं, ज्याला ७२ तास उकळून तपासतात. एमडीएफ आणि भुशाचा बोर्ड इथे नकोच. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खोली घराच्या मधोमध किंवा पूर्वेला, चुलीच्या भिंतीला लागून ठेवा. मिरच्या, सोलं, सुकी मासळी त्या उबेत चतुर्मास काढतात.

जमिनीखालचं आणि तारांमधलं

वाळूच्या जागेत जुलैत पाणी जमिनीच्या अगदी जवळ येतं. त्या वेळी सेप्टिक टँक उपसून रिकामा केला तर तो होडीसारखा वर येतो. बाहेरून दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी पाण्यात पूर्ण बुडाली की पावणेचार टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढाच जोर तिला खालून लागतो. तळाचं काँक्रीट भिंतीबाहेर फूटभर पुढे काढावं, म्हणजे वरची वाळू तिला दाबून धरते. उपसा मार्च-एप्रिलमध्येच. अशा जागेत शोषखड्डाही निकामी असतो, सांडपाणी भुईसरपट न सोडता उंचवट्यावर खडी-वाळूच्या वाफ्यात, कर्दळीच्या मुळांत सोडावं. विहिरीपासून अंतर निदान ५० फूट.

विजेसाठी भिंतीतल्या पेट्या पीव्हीसीच्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच), अर्थिंगला तांबं, आणि मे-ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी सर्ज अरेस्टर. एसीचं बाहेरचं युनिट पूर्वेला किंवा उत्तरेला, हात पोचेल अशा उंचीवर. हात पोचला नाही तर ते धुतलं जात नाही.

धुण्याचा क्रम पावसाळा संपला की सुरू होतो. नोव्हेंबरपासून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने ग्रिल, बिजागऱ्या, एसीची जाळी, सोलरचा सांगाडा आणि छज्ज्यांची पोटं धुवायची. शेवटचं धुणं मेच्या मध्यावर हवंच, कारण सात महिन्यांचं मीठ आणि पावसाआधीची दमट हवा तेव्हा एकत्र येतात. साधी बागेची नळी पुरते, जोराचा पंप नको, तो गिलाव्याचे सांधे उकरतो. नळी खालून वर धरायची, म्हणजे पाऊस जिथे पोचत नाही तिथे पाणी पोचेल.